मनावर घेतलं आणि सोडली

सोमवारची सकाळ. पॉलिशवाला भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याची बायको कारखान्यात फोन लावत होती. "ताप आहे हो त्यांना," ती म्हणाली. या महिन्यातला हा तिसरा ताप. वाक्य नीट म्हटलं जातंय ना, हे बघायला सासूबाई मागे उभ्या होत्या.

एरवी या घरात खोटं बोलणं फारच सोपं होतं. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचाच. शेजारणीने नाक मुरडलं की सासूबाई म्हणायच्या, "कामाचा वास गं, आंघोळीनंसुद्धा जात नाही मेला." सांगता सांगता घरच्यांचाही त्यावर विश्वास बसला. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. इथे तर अख्ख्या घरानं सोंग घेतलं होतं.

त्यानं दारू सोडायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. चारदा केला. त्याचा थोरला भाऊ शाळेत हेडक्लार्क. एके काळी तो याच्याहून जास्त प्यायचा आणि तीन वर्षांपूर्वी त्याची सुटली. कशी सोडलीस, असं विचारलं की छाती काढून सांगायचा, "मनावर घेतलं आणि सोडली. पुरुषाचा शब्द एकच." मग धाकटाही मनावर घ्यायचा. आठव्या-दहाव्या दिवशी पिऊन यायचा आणि आरशासमोर उभा राहून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. बायको ते दाराआडून बघायची. तिचा जीव तुटायचा.

त्या सोमवारी दुपारी त्याला रक्ताची उलटी झाली. चार दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "यापुढे प्यायले तर वर्ष काढणार नाहीत. औषधं मी देते, पण नुसत्या औषधांनी आणि एकट्याच्या जिद्दीनं हे निभत नाही." त्यांनी चिठ्ठीमागे पत्ता लिहून दिला: वाचनालयाचा वरचा मजला, शनिवारी सहा वाजता. दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं तिथे जमत. घरच्यांनी आलं तरी चालायचं.

"मी चारचौघांत रडगाणं गायला जाणार नाही," नवरा म्हणाला. "दादा गेला होता का कुठे?"

"घरातलं घरात राहिलेलं बरं," सासूबाईंनी री ओढली.

ती एकटीच गेली. वर बारा-पंधरा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. एक जण किटलीतून चहा ओतत होता. कप पुढे करायला तो वळला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तो तिचा थोरला दीर होता.

"भाऊजी, तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. जिन्यात येऊन तो म्हणाला, "तीन वर्षं येतोय. एक शनिवार चुकला तर आठवडा जड जातो मला. घरी बोलू नका. इथलं बाहेर सांगायचं नाही असा नियमच आहे."

"तो नियम दुसऱ्याची अब्रू राखायला. स्वतःचं सांगायला कोण अडवतंय?" ती म्हणाली. "दारू लपवलीत ती लपवलीत भाऊजी, औषधही लपवलंत? तुमच्या पाठचा भाऊ तुमच्यासारखं व्हायचं म्हणून एकटा झुंजतोय आणि मरतोय. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

ती घरी आली आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. कोणाच्या तरी मोठेपणासाठी आपलं कपाळ पांढरं व्हायचं, याचा तिला संताप आला होता.

रविवारी थोरला आला. सासूबाई भाजी निवडत होत्या, धाकटा औषध घेऊन भिंतीला टेकला होता. थोरल्यानं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"अरे, हळू," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीला कान असतात."

धाकटा भावाकडे बघत राहिला. "तीन वर्षं?" तो म्हणाला. "चारदा सुटली नाही माझी. प्रत्येक वेळी वाटलं, दादा पुरुष आहे, मी नाही. आणि तू तिथे बसून रडत होतास?"

"रडत होतो."

"मग मला का नाही सांगितलंस रे?" थोरल्याची कॉलर धरून धाकटा हमसून हमसून रडायला लागला. थोरल्यानं कॉलर सोडवून घेतली नाही. सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. एक पोर लपून बरं झालं आणि दुसरं लपवता लपवता मरायला टेकलं, हे त्या माउलीला तेव्हा कुठे उमगलं.

पुढच्या शनिवारी साडेपाचला दोघं भाऊ निघाले. धाकटा टिकेल की नाही हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मागोमाग बायको पायांत चप्पल घालत होती. शेजारीण दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाली, "आज सगळे कुठे हो?"

बायकोनं सवयीनं काहीतरी जुळवायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून सासूबाई बोलल्या, "दारू सोडायला चाललेत. दोघंही माझेच."

शेजारीण हसेल असं वाटलं होतं. ती कपड्यांचा बोळा छातीशी धरून जवळ आली, आपल्या बंद दाराकडे एकदा बघितलं आणि कुजबुजली, "किती वाजता असतं ते?"

"मोठ्यानं विचार, बाई," सासूबाई म्हणाल्या. "हळू बोलता बोलताच इथवर आलोय आपण."