नितळ नळी

ऊर्मीने इन्क्युबेटरचं दार पुन्हा उघडलं, तशी विजयलक्ष्मीने हातातली पिपेट खाली ठेवली.

"अय्यो, किती वेळा बघतीस? तुझ्या बघण्यानंच मरतील ते जंतू."

विजयलक्ष्मी तंजावरच्या मराठी घरातली. भांडण आणि हिशेब तमिळमध्ये करायची, पण ऊर्मीशी हौसेने मराठी बोलायची.

ऊर्मी स्टुलावर येऊन बसली आणि तिचा पाय हलू लागला. लहानपणी आई यावरून रागवायची. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्याच्या घरी लक्ष्मी टिकत नाही म्हणे. चेन्नईत, गिंडीतल्या या प्रयोगशाळेत हल्ली तो पाय थांबतच नव्हता.

प्रयोग तसा साधा होता. इडलीच्या आंबलेल्या पिठातले दोन जीव तिने वेगळे केले होते. यीस्ट एकटं मजेत वाढायचं. बॅक्टेरिया मात्र एकटा ठेवला की हटून बसायचा. म्हणून पोषक पाण्यात आधी यीस्ट वाढवून, मग ते गाळून टाकून, उरलेल्या पाण्यात तिने बॅक्टेरिया सोडला होता. नळी गढूळ झाली की तो यीस्टच्या उरल्यासुरल्यावर जगतो हे ठरलं. किती गढूळ, ते यंत्र सांगणार. हे जमलं की प्रबंध लिहायला घे, असं सरांनी सांगून टाकलं होतं.

आणि प्रबंध झाला की न्यू जर्सी. कंपनीने अनयला तिकडे पाठवलं होतं आणि तो हिची वाट बघत होता. नवरा म्हणून गुणी. पण त्याच्या बायकोला तिथल्या व्हिसावर नोकरी करता येणार नव्हती. प्रयोगाचं ऐकून तो फोनवर हसला होता. "म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या! ये इकडे, तूही ओढ." तीही हसली होती. मग वेलचेरीच्या शेअर ऑटोत बसल्यावर तिला त्याचा फार राग आला होता.

शेवटी विजयलक्ष्मीनेच नळ्या बाहेर काढल्या. यीस्टचा स्पर्शही न झालेल्या पाण्यातल्या बॅक्टेरियाची नळी नितळ होती. दुसरीतून पलीकडची खिडकीही दिसत नव्हती. यंत्रावर आकडा उमटला तशी ती ओरडलीच.

"वाढला! ऊर्मी, वाढला! सुटलीस तू."

ऊर्मी नळ्यांकडे बघत राहिली. प्रयोग फसेल या धास्तीने आपण दार उघडतोय, असं तिला इतके दिवस वाटत होतं. खरी धास्ती होती ती या गढूळ नळीची. हे टेबल, हे काम तिला सोडायचं नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनय.

"काय म्हणतोय तुझा लाडोबा बॅक्टेरिया? तिकीट बघायला घेऊ?"

विजयलक्ष्मी गढूळ नळी उंच धरून हसत उभी होती.

"नाही रे," ऊर्मी म्हणाली. "नळी नितळच आहे. सगळं पुन्हा करावं लागेल."

"असू दे गं. खचू नकोस. पुढच्या वेळी होईल."

त्याच्या आवाजातल्या मायेने तिला रडू आलं. तिने घाईने फोन ठेवला.

विजयलक्ष्मीने हातातली नळी हळूच स्टँडमध्ये, अगदी मागच्या रांगेत ठेवली. मग तिची नजर स्टुलाखाली गेली. ऊर्मीचा पाय थांबला होता.