बाकावर सांगितलेली गोष्ट

अकोल्याच्या त्या समुपदेशक मॅडमले तोंड आवरता येत नाही. माही नात रश्मी माय गेल्यापासून तीन महिने मुकी झाली होती. पातूरहून चार खेपा केल्या, तवा कुठं ती आतल्या खोलीत बोलली. मी बाहेर बाकावर बसली होती. दार उघडून मॅडम खुशीत म्हणते, "आजी, तिला वाटतं, आईला दवाखान्यात न्यायला तिनेच उशीर केला."

बाकावरच्या बायांनी कान टवकारले. दारात उभ्या रश्मीनं ओठ पुन्हा मिटले.

मी उठली. "मॅडम, मी विचारलं होतं काय तुमाले? तुमच्यापेक्षा आमच्या गोठ्यातली गाय शहाणी. पोरगी रोज तिच्या गळ्यात पडून रडते, पण त्या गाईनं अजून मलेबी काही सांगितलं नाही."