हिरव्या चिठ्ठीचे उंदीर

ज्योत्स्ना चौधरीला त्या मंगळवारी मिळण्यासारखं बरंच होतं. धुळ्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राची कायम जागा, स्वतःची छोटी प्रयोगशाळा, आणि फैजपूरच्या आत्यांची तोंडं बंद. शेवटची बाब किरकोळ समजू नका. आत्या दर दिवाळीला तिची हनुवटी चिमटीत धरून म्हणत, "आमच्या कौतिकनानांची, तुझ्या आजोबांची हनुवटी जशीच्या तशी उचललीस गं. आता ही कुठं खपवायची?" ही मुलगी जबड्यांच्या अभ्यासाकडे का वळली, हे मग कुणाला विचारावं लागलं नाही.

तिचे मार्गदर्शक योगेंद्र सर. मिळकत त्यांचीही होती: 'माझी विद्यार्थिनी' म्हणायची सोय. ही सोय ते चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत कुठेही वापरत.

काम असं. जळगावच्या प्रयोगशाळेत उंदरांची दोन घराणी पाळलेली. एक साधं, त्यांच्या पिंजऱ्यांना पांढरी चिठ्ठी. दुसऱ्याचं एक जनुक मुद्दाम बंद पाडलेलं, त्यांना हिरवी. पिल्लं पूर्ण वाढली की त्यांना मारून कवटी आणि खालचा जबडा साफ करायचा, फोटो घ्यायचा, हाडांवरच्या ठरलेल्या खुणांमधली अंतरं मोजायची. हिरव्यांचा जबडा आखूड निघाला, थोबाड बुटकं. सर म्हणाले, "अगं, चष्मा काढूनही दिसतंय. बंद पडलेल्या जनुकाचीच करामत. जा, जागा घेऊन ये."

पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी ज्योत्स्नाला खुर्चीत बसवेना. उठायची, खिडकीपाशी जायची, परत येऊन तेच फोटो उघडायची. जबडा आखूड, ठीक. पण हिरव्यांच्या दाढा कोऱ्या करकरीत होत्या, कधी वापरल्याच नसल्यासारख्या. चावायचा स्नायू जिथे हाडाला धरतो तिथला कोपराही सपाट. जनुकानं हाड लहान केलं असेल. दाढा झिजायच्या कुणी थांबवल्या?

ती तशीच पिंजऱ्यांच्या खोलीत गेली. तिथे कमलबाई जमिनीवर फतकल मारून बसली होती. धरणगावची बाई, उंदरांचं खाणंपिणं, साफसफाई सगळं तिच्याकडे. समोर स्टीलच्या वाटीत खाद्याच्या कडक गोळ्या कोमट पाण्यात भिजून लगदा झालेल्या, आणि बाई त्या बोटांनी आणखी मऊ करत होती.

"हे काय चाललंय, कमलबाई?"

"हाई? हाई हिरव्या चिठ्ठीवालासनं जेवन शे."

"फक्त त्यांचं?"

"मंग! पांढरावाला धडधाकट शेतस, त्यासले काय व्हस? मन्ही सासूले दात नहीत, तिले मी भाकर वरणमा चुरीसन देस. तसंच हाई."

"कधीपासून?"

"पयलेपासून. तुमीनच सांगं ना ताई, हिरवावाला जल्मापासून अधू शेतस म्हनीसन. अधूले कोनी कडक देस का?"

ज्योत्स्ना तसं म्हणाली होती खरी. जनुक, प्रथिन वगैरे समजावण्याचा कंटाळा म्हणून एका शब्दात उरकलं होतं. कमलबाईनं तो शब्द मनावर घेतला, आणि ज्याच्या घरी अधू माणूस असतं तिथे जे केलं जातं ते केलं. आईचं दूध सुटलेल्या प्रत्येक हिरव्या पिल्लाला मऊ घास. आयुष्यात एकदाही कडक न चावलेला जबडा आखूडच राहणार. आता त्यातलं किती जनुकाचं आणि किती वाटीतल्या लगद्याचं, ते देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सरांच्या गाडीतून धुळ्याला जाताना एरंडोल येईपर्यंत तिनं धीर धरला. मग सगळं सांगून टाकलं. सरांनी गाडीचा वेग कमी केला नाही.

"कुणी विचारलंय?"

"नाही अजून."

"मग तू होऊन सांगणार? त्या कमलबाईला काय मुलाखतीला बोलावलंय?"

"सर, दाढा—"

"दाढांचे फोटो दाखवू नकोस. जबड्याचे दाखव."

पारोळ्याला सरांनी उसाचा रस पाजला. तिनं अर्धा ठेवला. पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आत शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

मुलाखतीत सगळं झकास चाललं. फोटोंवर माना डोलल्या. शेवटी समितीतल्या रूपा मॅडमनी कागद आवरता आवरता, सवयीनं विचारतात तसं विचारलं, "दोन्ही गटांचा आहार एकच होता ना?"

'हो' म्हणायला जबडा फार हलवावा लागत नाही. ओळखीवर आत येऊन दाराशी बसलेल्या सरांनी घसा खाकरला. ज्योत्स्नाची कौतिकनानांकडून आलेली हनुवटी वर झाली.

"नाही, मॅडम. हिरव्यांना मऊ खाद्य मिळालं. मला काल कळलं. हा निष्कर्ष आज माझ्याकडे नाही."

रूपा मॅडमनी प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं आणि जागा हितेंद्रला दिली. त्याचं काम केळीच्या पानांवरच्या बुरशीवर होतं. बुरशीला कुणी प्रेमानं चुरून घालत नाही.

ज्योत्स्नानं जळगावात पुन्हा पिल्लं वाढवली, या वेळी दोन्ही चिठ्ठ्यांतली अर्धी कडक खाद्यावर, अर्धी मऊ. कडक चावूनही हिरव्यांचा जबडा आखूडच भरला, पण आधीच्या निम्म्यानं. पांढरे मऊ खाऊन थोडे आखूडले. म्हणजे जनुक खोटं नव्हतं, एकटं नव्हतं एवढंच.

कमलबाईची बदली ग्रंथालयात पुस्तकं झटकायला झाली. का, ते तिला कुणी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत ती खिडकीशी येते. "ताई, अधूसले आते कोन भरावस?" ज्योत्स्ना म्हणते, "मी." ते खोटं असतं; भरवायला कुणी उरलेलंच नसतं.

तर या लगद्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं? सरांनी काहीच नाही. नव्या शोधनिबंधावरही त्यांचं नाव आहेच. ज्योत्स्नानं हातची गेलेली धुळ्याची जागा, आणि आत्यांच्या आणखी दोन दिवाळ्या. कमलबाईनं पिंजऱ्यांची खोली. बाकी सगळं उंदरांनी जीव देऊन भरलं, पांढऱ्यांनी आणि हिरव्यांनी सारखंच, आणि दोनदा.