मशीनमधली बाग

"बाबा कुठी गेला व?" मी ओरडलीच.

विजयाताईनं दोनदा कळ दाबून पाहिली. पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती, बाकी नुसता अंधार.

सौसरला रघुनाथरावांच्या संत्र्याच्या आडतीत कम्प्युटर आला आणि माझ्या बहिणीला त्याच्यासमोर बसवलं. नागपूरचे रवींद्र सर बागाईतदारांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहून आणायचे. ताईनं तो खोट्या नावांनी चालवून बघायचा आणि अडला तर सांगायचं. शाळा सोडल्यापासून मी दुपारी तिचा डबा घेऊन यायची आणि मागं उभी राहून बघायची.

खोट्या बागाईतदारांत ताईनं आमच्या बाबाचं नाव टाकलं होतं. तुळशीराम, गाव रामाकोना. बाबानं जन्मभर दुसऱ्यांची संत्री तोडली, मागच्या उन्हाळ्यात गेला. मशीनमध्ये मात्र त्याची स्वतःची बाग होती. डोळे मिटले की मला ती दिसायची, पडद्यासारख्या हिरव्या उजेडातली. बाबा झाडाखाली बसून संत्रं सोलतोय, कोणी त्याला उठवत नाही.

आज सरांनी त्या नावांची सगळी डिरेक्टरी, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, मशीनमधल्या एका जागेवरून हलवून दुसरीकडे ठेवायला सांगितली. ताईनं हलवली. आता ती जुन्या जागी नव्हती आणि नव्या जागीही नव्हती.

सर वाकले. "अरे हो! हा हलवायचा प्रोग्राम नागपूरच्या मोठ्या मशीनवर लिहिला ना मी. तिथं डिरेक्टरीच्या पत्त्यातली तिरपी रेघ उजवीकडे झुकते, इथं डावीकडे. याला नवा पत्ता कळलाच नाही. तिकडे काही पोचलं नाही आणि इकडचं पुसलं गेलं." ते हसले. "बरं झालं, खोटाच माल होता."

"खोटा?" माझं डोकंच फिरलं. "तुमच्या घरचं कोणी पुसलं असतं तं हासले असते का?"

"इंदू, गप." ताईनं माझा हात दाबला. "सर, तिकडं पोचलं का नाई ते पाहिल्याबिगर इकडचं पुसू नका. रामाकोन्याहून इथं राहाले आलो, तं मायनं आधी इथली चूल पेटवली. मंग मोटारीनं परत गेली, तिथली इझवाले."

सर जरा वेळ चुलीचाच विचार करत असावेत. "तसंच करतो," म्हणाले आणि चहाला गेले.

"परत आणता येते का त्याले?" मी विचारलं.

"नाई. नव्यानं टाका लागते."

तिनं नाव टाकलं. "झाडं किती टाकू?"

"पहिल्यापेक्षा जास्त. आन विहीर टाक."

बाबा ज्यांची संत्री तोडायचा, त्यांच्या बागेतल्या विहिरीला त्याला कोणी हात लावू देत नसे. तो ओंजळ धरायचा, वरून पाणी ओतायचे.

"विहिरीसाठी जागाच नाई व याच्यात."

"मंग?"

ताईनं बोटं कळांवर ठेवली. मग पत्त्याच्या रकान्यात एक एक अक्षर हिरवं उमटत गेलं.

तुळशीराम. स्वतःच्या विहिरीजवळ. रामाकोना.