पेन्सिल सेलवालं जीपीएस

रागिणीची साऱ्या नांदगाव खंडेश्वरात शोभा झाली होती. गेल्या हिवाळ्यात ती मैत्रिणींना घेऊन चांदूर रेल्वेकडच्या जंगलात डबा शोधायला गेली. खेळच आहे तो. कुणीतरी रानात डबा लपवतो, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. आपण जीपीएसवर ते आकडे धरून डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होता तिथे ठेवून द्यायचा. तर डबा राहिला बाजूला, ऐन जंगलात रागिणीच्या मोबाईलची बॅटरी उतरली आणि पोरीच हरवल्या. आकडे, नकाशा, सगळं त्याच मोबाईलात! शेवटी तिचे वडील नत्थुजी गावची माणसं ट्रॅक्टरवर घालून हाका मारत आले, तेव्हा कुठे सापडल्या.

मग काय, गाव ते गाव. पानठेल्यावरचं कुणीही विचारायचं, "काय रागिणीबाई, घर सापडलं का?" त्याचं तिला काही वाटत नव्हतं. लागलं ते वडिलांचं बोलणं.

"अजून एक डाव जाय," नत्थुजी म्हणाले होते. "पण आता हरवली, तं जंगलाचं नाव काढाचं नाही माह्यापुढं."

एकच डाव! तो काय मोबाईलच्या भरवशावर खेळायचा? रागिणीने ठरवलं, हातात धरायचं जीपीएसच घ्यायचं. घरबसल्या मागवता आलं असतं, पण आपण मडकंही वाजवून घेतो. म्हणून ती थेट अकोल्याच्या जुन्या शहरात गेली. तिथे देवीदासचं मोजणीच्या सामानाचं दुकान होतं. सोबत अमरावतीची चारुता, वकिलाची लेक. मागच्या वेळी हरवलेल्यांत तीही होतीच.

देवीदासने आधी चकाचक माल काढला. "हे घ्या ताई. टच स्क्रीन, रंगीत नकाशे. चार्जिंगवर चालते."

"किती सुंदर आहे गं!" चारुता हरखली.

"चार्जिंग उतरली तं?" रागिणीने विचारलं.

"चार्जर देतो ना सोबत."

"अन् तो खुपसू कुठं? सागाच्या झाडात?"

देवीदास हसला आणि त्याने मागच्या फळीवरून एक जाडजूड ठोकळा काढला. बटणं होती, स्क्रीन इवलीशी. "हे दोन पेन्सिल सेलवर चालते. पण दिसाले काही खास नाही, ताई."

"मले काय त्याचं लग्न लावाचं हाये?"

पेन्सिल सेल! भिंतीवरच्या घड्याळातले, कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळणारे. रागिणीचं तिथेच ठरलं. तरी तिने वाजवून पाहिलंच. दुकानाची जागा यंत्रात नोंदवली आणि चारुताला घेऊन गल्लीबोळांत घुसली. मोर्णा नदीच्या अंगाला पार चकवा लागेपर्यंत फिरली. मग स्क्रीनवरच्या बाणामागे चालू लागली. उंच घरांच्या मधे बाण भांबावला, चौकात आला की सुधारला. कुणालाही न विचारता दोघी देवीदासच्या उंबऱ्यावर हजर.

"कोणाले विचारलं असतं तं सांगितलं असतं ना रस्ता!" देवीदास म्हणाला.

"जंगलात कोणाले विचारू?" म्हणत तिने ठोकळा पिशवीत टाकला.

घरी नत्थुजींनी तो उलटापालटा करून पाहिला. "अन् हे सेल संपले तं?"

"नवीन जोडी घेतली हाये, बाबा."

"हं," एवढंच म्हणून ते वावरात गेले.

जायच्या दिवशी पहाटेच आई, मैनाबाई, ओरडत होती, "बैठकीतलं बी बंद अन् सैपाकघरातलं बी! दोन्ही घड्याळं एकाच रात्री मरतात काहून?" रागिणीला तिकडे बघायला फुरसत कुठली! तिने पाठपिशवी उचलली आणि मैत्रिणींना घेऊन जंगलाकडे निघाली.

बाणाने या खेपेला दगा दिला नाही. चिंचेच्या ढोलीत, पाचोळ्याखाली, डबा होता! पोरींनी नुसता गिल्ला केला. नाव लिहायला पेन काढावा म्हणून रागिणीने पाठपिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला, तर वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन सेल हाती आले. जुनेच, घासून पुसलेले. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं गं?" चारुताने विचारलं.

"काही नाही. बापाचं डोकं," ती म्हणाली आणि नाव लिहायला बसली.

उजेड असतानाच ती घरी पोचली. नत्थुजी बैठकीत बसले होते.

"बाबा, किती वाजले?"

सवयीने त्यांनी भिंतीकडे पाहिलं. काटे हलत नव्हते. रागिणीने तळहातावरचे दोन सेल पुढे केले.

"तुया मशीनले कमी पडले असते तं?" नत्थुजी गुरकावले. त्यांनी घड्याळ खाली घेतलं, सेल बसवला, काटे फिरवले. मग पाठमोरेच म्हणाले, "आता पुढचा डबा कुठं हाये?"