उघड्या गळ्याचं कुत्रं

आयझॅक थ्वेट कुत्रं कधी विकत नसे. देत असे. आणि ज्याला दिलं त्याच्याकडे पुढे वर्षभर असं बघायचा की त्या माणसाला वाटावं, आपण याच्या घरची मुलगीच करून आणली आहे.

जॉसी बर्केटला त्याने नेटल ही कुत्री दिली तेव्हा आमच्या थॉर्नगिल खोऱ्यात ज्याने त्याने काय समजायचं ते समजून घेतलं. आयझॅकला मूलबाळ नव्हतं, गुडघे कामातून गेले होते. कोकरांच्या दिवसांत कोल्हा मागे लागला की मेंढपाळांनी ज्याच्या दारात धावत जायचं, तो माणूस आता जॉसी होणार होता. जॉसीलाही हे कळलं, आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

नेटल हातात देताना आयझॅक म्हणाला होता, "दीड वर्षाची होईस्तोवर कोल्ह्याच्या बिळात सोडायची नाही. माझा टर्क आत भुंकत असेल तेव्हा बाहेर धरून बस, ऐकू दे तिला. मेलेला कोल्हा हुंगू दे. कान आधी शिकतात, मग नाक, दात सगळ्यात शेवटी. आणि एका बिळात दोन कुत्री घालायची नाहीत. कधीच नाही. प्रत्यक्ष देवाने सांगितलं तरी नाही."

"माहीत आहे, आयझॅककाका."

"माहीत सगळ्यांना असतं. पुढचं कुत्रं भुंकतं, कोल्हा अंगावर आला की मागे सरतं, परत पुढे जातं. मागे दुसरं येऊन अडकलं तर ते सरणार कुठे? तोंडापुढे दात आणि ढुंगणाला मित्र!"

पट्ट्याचं त्याने सांगितलंच नाही, कारण ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत सोडण्याआधी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढून खिशात घालायचा. दगडाच्या दातात पट्टा अडकला की कुत्रं तिथेच लटकून मरतं. आणि काम झालं की तिथल्या तिथे परत घालायचा. उघड्या गळ्याचं कुत्रं घरी न्यायचं नाही, मग ते जिवंत असो की मेलेलं.

नेटल नऊ महिन्यांची झाली तसा मॉसपने पबमध्ये जॉसीचा पिच्छा धरला. मॉसप हा आमचा गवंडी. दगडाच्या भिंती बांधतो आणि माणसांच्या भिंती पाडतो.

"काय जॉसी, नेटलबाई काय म्हणतात? मोजे विणायला शिकल्या का?"

"लहान आहे अजून."

"लहान! माझी कुत्री एवढी असताना कोल्ह्याचे दात मोजून आली होती."

"तुझीच कुत्री ना ती? थापा मारल्या असतील तिने."

सगळे हसले, जॉसीही हसला. मॉसप सगळ्यांशी असंच बोलतो, त्याचं कोणी मनावर घेत नाही. जॉसीने घेतलं. म्हाताऱ्याचा वारस म्हणून खोरं आपल्याकडे बघतंय आणि आपण मांडीवर कुत्री घेऊन बसलोय, असं त्याला वाटायला लागलं. असा माणूस दिसायला शांत असतो, आणि तोच नेमका घोटाळा करतो.

एप्रिलात जॉसीची आणि त्याची बायको ॲनिस हिची कोकरं जायला लागली. एके दिवशी सकाळी दंवावर कोल्ह्याची पावलं सापडली आणि ती थेट काळ्या राशीपर्यंत गेली. काळी रास म्हणजे कड्यावरून कोसळलेल्या घराएवढ्या दगडांचा ढीग. आत कुठली फट कुठे जाते ते कोल्ह्यालाच माहीत. आयझॅक टर्कला घेऊन आला. त्याचा पट्टा काढून खिशात घातला, कानामागे खाजवलं आणि वरच्या बिळात सोडला. थोड्या वेळाने आतून त्याचं भुंकणं आलं, खोल आणि एका लयीत. कोल्हा सापडला होता.

"तू इथे नेटलला घेऊन ऐकत बस," आयझॅक म्हणाला आणि लंगडत खाली गेला. बंदूक घेऊन मॉसप खालच्या फटीपाशी उभाच होता. मध्ये दगड होते. वर फक्त जॉसी आणि नेटल.

नेटल थरथरत होती. टर्कच्या प्रत्येक भुंकण्याला तिचं सगळं अंग पुढे ओढ घेत होतं. जॉसीच्या मनात आलं, एवढी ओढ आहे, आता नाही तर कधी? खाली मॉसप आहे. दोघांचे आवाज ऐकू येतील त्याला. त्याने तिचा पट्टा सोडला, सवयीने खिशात घातला आणि हात काढून घेतला.

ती गेली. काही वेळ नुसतं टर्कचंच भुंकणं चालू होतं. मग एकदम ते बदललं. लय मोडली. मध्येच किंकाळी आली, मग दबलेली गुरगुर, मग पुन्हा किंकाळी. टर्क किंचाळणारा कुत्रा नव्हता. जॉसी बिळात खांद्यापर्यंत हात घालून नेटलला हाका मारत राहिला. हाताला नुसता दगड लागत होता.

आयझॅक धापा टाकत वर आला. "नेटल कुठे?"

खरं सांगायला फार शब्द लागले नसते. पण जॉसीच्या तोंडून निघालं, "निसटली. हिसका दिला आणि खाली पळाली. कुठल्या फटीत शिरली ते दिसलं नाही."

आयझॅकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. कोवळं जनावर आहे. चूक माझीच, मी तिला आज आणूच द्यायला नको होतं."

म्हाताऱ्याने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. जॉसीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शब्द गेला होता, आणि तो परत घ्यायला जी हिंमत लागते ती त्याच्याकडे त्या घडीला नव्हती.

कुत्रं दगडात अडकलं की आमच्याकडे कोणाला बोलवावं लागत नाही. दुपारपर्यंत सगळं खोरं पहारी आणि घण घेऊन वर आलं. लोकांनी कोकरं सोडली, दूध तसंच ठेवलं. कुत्रं आत असेपर्यंत कोणाची चूक हे विचारायचं नाही, ही आमची रीत आहे. टर्कचा आवाज खालच्या बाजूला येत होता आणि नेटलही खालीच शिरली म्हणे, तेव्हा सगळे खालून खणायला लागले.

जॉसीने एकदा घाबरत म्हणून पाहिलं, "वरून बघू या का?"

"वर काय आहे?" आयझॅक म्हणाला. "तू तर ती खाली पळाली म्हणालास ना?"

"हो. खालीच."

आणि त्याने घण उचलला. सगळ्यांत जास्त काम त्या दिवशी जॉसीने केलं. हातांची सालटं निघाली तरी थांबेना. बायका एकमेकींना म्हणाल्या, किती जीव लावलाय बघ कुत्रीला. आतून टर्कचा आवाज येत होता, हळूहळू बारीक होत. अंधार पडायच्या सुमाराला तो थांबला. अंधारात दगड हलवायचे म्हणजे माणूस गमवायचा, म्हणून लोक खाली उतरले. आयझॅक घोंगडी गुंडाळून तिथेच बसला.

घरी ॲनिसने जॉसीच्या हातांना मलम लावलं. "तुझ्या हातून चांगला मेंढा निसटत नाही," ती म्हणाली, "आणि ही एवढीशी कशी निसटली रे?"

"निसटली," जॉसी म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. झोप दोघांनाही आली नाही.

उजाडायच्या आत तो एकटाच पहार घेऊन वरच्या बिळाशी भिडला. लोक आले, त्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. मग दोघे-चौघे दयेपोटी मदतीला लागले. दुपारी एक मोठी शिळा सरकली आणि खाली नेटलची शेपटी दिसली. जॉसीने तिला मागच्या पायांना धरून ओढून काढली. धुळीने माखलेली, लटपटत होती, पण जिवंत. तोंडावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

लोकांनी एकच ओरडा केला. आयझॅकने तिला कुशीत घेतलं, तिचे डोळे पुसले, दात पाहिले. मग त्याचा हात तिच्या गळ्याशी गेला आणि तिथे थांबला. त्याने पुन्हा एकदा गळा चाचपला. त्याने तिला जॉसीकडे दिली आणि त्या भगदाडात वाकला.

तिच्यापुढे हातभर अंतरावर टर्क होता. तोंड फाटलेलं, मागचे पाय पोटाशी दुमडलेले, मागे रेटा देता देताच मेलेला. कोल्हा रात्रीच कुठल्याशा फटीतून निघून गेला होता.

टोप्या उतरल्या. मॉसपला शांतता सोसत नाही, आणि त्याच्या परीने तो चांगलंच बोलायला गेला. "टर्क गेला, पण जागा रिकामी नाही राहिली," तो म्हणाला. "नऊ महिन्यांची पोर कोणी न सोडता स्वतः आत जाते! आणि जॉसी, तुला रे कसं सुचलं वरून खणायचं? आयझॅकच्या तोलाचा झालास की!"

लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी जॉसीच्या पाठीवर थाप मारली.

आयझॅकने टर्कला मांडीवर घेतलं होतं. खिशातून त्याचा पट्टा काढला आणि मेलेल्या गळ्यात बांधला, अगदी सावकाश, केस अडकू न देता. मग वर न बघता म्हणाला, "जॉसी, तूही घाल तिला. उघड्या गळ्याने नको नेऊस. पट्टा तुझ्या खिशात असेल."

जॉसीचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. सगळे बघत होते. निसटलेल्या कुत्र्याचा पट्टा धन्याच्या खिशात नसतो, हे आमच्या खोऱ्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मॉसपचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या ॲनिसने मान खाली घातली. जॉसीने पट्टा बाहेर काढला. सोलवटलेल्या बोटांनी त्याला बक्कल लागेना. कोणी मदतीला आलं नाही.

खणणं झालं की ज्याच्या कोकरांपायी ते झालं त्याच्याकडे सगळ्यांनी जेवायचं असतं. ॲनिसने सकाळीच मेंढीचं मटण आणि बटाट्याचं मोठं भांडं भट्टीत ठेवलं होतं. संध्याकाळी तिने टेबलं जोडली, शेजारच्या घरून आणलेल्या ताटल्या मांडल्या. कोणी आलं नाही. "मांडलेलं उचलू का?" असं तिने विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. आयझॅक होता. अंगात धुतलेला सदरा, नखांत टर्कला पुरल्याची माती. "बोलावणं होतं ना," एवढंच म्हणून तो बसला. ॲनिसने वाढलं. तो जेवायला लागला. नेटल त्याच्या पायाशी जाऊन बसली, तिला त्याने एक तुकडा टाकला.

जॉसी उभाच होता. "काका, मीच सोडली तिला. टर्कच्या मागे. वरच्या बिळात."

"माहीत आहे."

"मॉसप बोलत होता म्हणून... मला वाटलं..."

"सोडलीस त्याचं काही नाही," आयझॅक म्हणाला. "तुझ्या वयात मीही एक कुत्रं चुकीचं सोडलं होतं. ओढून काढायचं असतं, एवढंच." त्याने पाव मोडला, पण तोंडात घातला नाही. "पण मी तुला विचारलं, नेटल कुठे. तेव्हा अजून दुपारसुद्धा झाली नव्हती. आणि टर्क संध्याकाळपर्यंत ओरडत होता, जॉसी."

मग त्याने ताटलीतलं सगळं संपवलं, जेवण छान झालं म्हणून ॲनिसला सांगितलं, आणि लंगडत घरी गेला.