फुकटची खाट

मिस्त्रींना आपल्यापायी कुणाला खर्चात पाडणं अजिबात खपत नसे. त्यात पोटच्या पोरांना तर मुळीच नाही. सुतारकाम करून त्यांनी दोघांना वाढवलं, त्यांची लग्नं लावली, आणि त्यानंतर त्यांच्याकडून साधा सदराही घेताना कुरकुर केली. असा माणूस पक्षाघातानं आडवा झाला, डावी बाजू पार लुळी पडली, आणि त्याला उचलायला दोन माणसं लागू लागली. थोरली तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असायची. धाकटा मालाचा टेम्पो घेऊन गावोगाव फिरायचा. शुश्रूषागृहाशिवाय इलाज नव्हता.

पण तिथला महिन्याचा आकडा कळला असता, तर म्हाताऱ्यानं अन्नपाणी सोडलं असतं. म्हणून धाकट्यानं थाप मारली. थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

"बाबा, सुतारांच्या संघटनेनं तिथं एक खाट राखून ठेवलीय. थकलेल्या कारागिरांसाठी. एक पैसा लागत नाही."

मिस्त्रींनी हूं म्हटलं आणि ते तिथं राहायला गेले. मुलांनी सुटकेचा श्वास सोडला.

दोन वर्षं बहीण-भावांनी खर्च ओढला. थोरलीनं दागिने मोडले, धाकट्यानं टेम्पो विकून दुसऱ्याचा चालवायला घेतला. बाबांना मात्र ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी दोघांचेही हात रिकामे झाले आणि बाबांच्या नावावरची कार्यशाळा तेवढी उरली. गिऱ्हाईक मिळालं होतं, सही हवी होती. धाकट्याकडे नवी थाप तयारच होती. "सांग की छप्पर बसलंय, विकून मोकळे होऊ."

ती थाप पाठ करत थोरली खोलीत शिरली. मिस्त्री उशीला टेकून बसले होते. पांघरूण कमरेपर्यंत घट्ट ओढलेलं होतं.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "मी इथून निघतोय. सकाळीच मॅनेजरबाईंना सांगितलं, महिनाअखेर खाट रिकामी करतो."

"निघताय? कुठे?"

"कार्यशाळेत. एक कॉट टाकली की झालं. आपल्या कार्यशाळेतला पॉलिशवाला आठवतो ना? त्याला कुणी नाही. दुसऱ्याच्या जिन्याखाली झोपतो, दोन्ही डोळे गेलेत. त्याला निरोप धाडलाय, ही खाट तू घे म्हणून. अगं, ही गरजवंताची जागा. मला कार्यशाळा आहे, तुम्ही दोघं आहात. मी कसा अडवून बसू?"

आता काय बोलावं? एकदा गेलेली खाट पुन्हा मिळणार नव्हती, बाहेर रांग लागलेली होती. आणि कार्यशाळेत या माणसाला उचलणार कोण? नवी थाप तिच्या तोंडात होती, पण तिच्यानं ती बोलवेना. तिचा राग उसळला. भावावर, स्वतःवर, आणि समोरच्या या भल्या माणसावरही.

"बाबा, अशी खाट नाहीये," ती म्हणाली. "संघटना वगैरे काही नाही. पैसे आम्ही भरतोय, पहिल्या दिवसापासून. आता आमच्याकडे उरले नाहीत. कार्यशाळा विकावी लागणार आहे."

मिस्त्री ओरडतील म्हणून ती वाट बघत होती. ते ओरडले नाहीत.

"टेम्पो?" त्यांनी विचारलं.

"विकला."

"आणि तुझ्या बांगड्या?"

तिनं मान खाली घातली.

"पॉलिशवाल्याला आता मी काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. त्यांनी विक्रीचा कागद मागितला, नीट वाचला, किंमत कमी आहे म्हणून दोन शब्द सुनावले आणि सही केली. मग पेन तिला परत दिलं.

"म्हणजे मी इथे दानावर राहत नाही?"

"नाही बाबा. तुमच्या हक्काची जागा आहे ही."

"मला आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "पोरी, दुसऱ्याच्या दानावर राहणाऱ्यानं मागायचं नसतं गं. मी काहीच मागितलं नाही. पाणी संपलं तरी नाही."

थोरलीला रडू आवरेना. इथले सगळे तिला सांगायचे, तुमच्या वडिलांचा काडीचा त्रास नाही हो. आणि ती अभिमानानं घरी जायची.

खाटेच्या उशाशी भिंतीवर सेविकेला बोलावण्याचं बटण होतं. मिस्त्रींनी उजवा हात लांबवला, पण तो पोचेना. तिनं पुढे होऊन दाबायला बघितलं, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. जोर लावून, अंग तिरकं करून त्यांनी ते स्वतः दाबलं.

बाहेर पावलं धावत आली. दारात सेविका उभी राहिली, तिच्यामागे आणखी एक. दोघींचे चेहरे उतरलेले.

"मिस्त्री? काय झालं? तुम्ही तर कधीच घंटा वाजवत नाही!"

"बिछाना ओला आहे," मिस्त्री म्हणाले. "सकाळपासून. बदलून द्या."